छाट

दुपारी तीनला, एम. जी. रोडच्या माझ्या टपरीवर
कॉलेज रोडचा एक मुलगा काहीतरी ठेवतो,
हायलाइटरसारखं, तळहाताखाली झाकून.
"यावर बंदी आहे," मी म्हणते.
"म्हणून तर तुमच्याकडे आणलं."

उघडलं. बोटाएवढा सेल, दोन केसाळ तारा,
नखावर मावेल एवढी चिप,
कुठल्यातरी खोट्या आंब्याचा शिळा वास.
मीटर लावला. सेलवर चार पूर्णांक एक.
कॉइलवर मात्र साडेतीन.

"भरलेला असो नाहीतर संपायला आलेला,
झुरका सारखाच कसा लागतो?"
मधे एक दार आहे, मी सांगते.
सेकंदाला हजारदा उघडतं, मिटतं.
सेल ताजा असला की मिटलेलं जास्त,
थकत गेला की उघडं जास्त.
कॉइलच्या पदरात तेवढंच पडतं.
"मग आत किती उरलंय ते कळायचं कसं?"
कळत नाही.
कळू न देणं हेच त्या चिपचं काम.

सिन्नरला आई मांडीवर सूप घेऊन बसायची.
पान कापायचं, चिमटीनं तंबाखू, गुंडाळी, दोरा.
दिवसाला हजार विड्या.
चेकर मूठभर उचलून अंगठ्यानं दाबायचा.
सैल ती छाट. छाटीला पैसे नाहीत.
सकाळची पहिली आणि दिवेलागणीची हजारावी
शेजारी ठेवली तर मलाही सांगता येत नसे,
आणि मी तर तिच्याच पाठीला टेकून अभ्यास करायचे.
बोटांना मुंग्या आल्या की ती
फक्त जास्त वेळ बसायची.
भाकरी मागे सरकायची.
आवाज तोच : "झालंच. शंभर राहिल्यात."

चार्जिंगची तार सुटली होती, एक टाका मारला.
झाकण अजून बसवलेलं नाही.
मुलगा मोबाइलमध्ये बघतोय.

या चिपला एवढी तरी समज दिली आहे,
सव्वातीनच्या खाली गेलं
की दिवा दहादा लुकलुकतो आणि दार बंद.
ओढणाऱ्यानं कितीही ओढावं.

आईला असा दिवा कुणी बसवला नव्हता.
एका मंगळवारी नऊशे चाळीस झाल्या होत्या
तेव्हा सूप मांडीवरून घसरलं.

उरलेल्या साठ मी वळल्या,
रात्री, दवाखान्यातून आल्यावर.
सकाळी चेकरनं अंगठा ठेवला.
साठच्या साठ छाट.