फिरकी

जुहूच्या हँगरात शिरताना दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो.
त्यात सगळं ओतायचं: किल्ल्या, सुटे पैसे, पेनाचं टोपण,
बडीशेपेची पुडी, खिशातला अंगारासुद्धा.
अंगाऱ्याला कसलं वजन, असं मी पहिल्या दिवशी म्हणाले होते.
बेनुमास्तर घोन्साल्विस पेन्सिल चावत म्हणाले,
पालथं झालं की सगळ्याला वजन येतं, पोरी.

विमान सरळ उडतं तोवर
सांडलेली वस्तू तळाशी गपगुमान पडून असते.
पालथं झालं की ती छताला जाते, काचेवर टकटक करते,
आणि सुलटं होताना
निघाली होती तिथे परत येत नाही.
शेपटीतल्या दांड्याखाली जाते, बिजागरीच्या फटीत जाते.
मग वैमानिक दांडी ओढते
आणि दांडी येत नाही.
एवढंच.

त्या गुरुवारी मी मागच्या सीटचे पट्टे बदलले.
बेचाळीस हत्यारं फळीवर परत टांगली,
पिवळ्या रंगातली एकही आकृती रिकामी नव्हती.
सही केली.

घरी तोंड धुताना डाव्या कानातली कुडी हलली.
मागे फिरकी नव्हती.
लग्नाचा वाढदिवस म्हणून घातल्या होत्या,
वरून रुमाल बांधला होता, डब्याला कळू दिलं नव्हतं.
मोरी पाहिली, टॉवेल झटकला, वेणी सोडली.
सासूबाई म्हणाल्या, जाते कुठे, घरातच असेल.
पावणेदहापर्यंत मी ते वाक्य धरून बसले.

सकाळी सातला कॅप्टन फिरोजा अलिबागपलीकडे समुद्रावर जाणार होत्या.
आधी लूप, मग रोल,
मग स्पिन, ज्याला आम्ही हँगरात फिरकीच म्हणतो.

फोनवर सांगितलं, फिरकी हरवलीय, बहुतेक विमानात.
त्या हसल्या. माझी फिरकी घेतेस?
मग हसायच्या थांबल्या.

रात्री सीटा काढल्या, तळाचे पत्रे काढले.
लोहचुंबक कामाचं नाही, सोनं कुठे चिकटतंय.
दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा, टॉर्च,
आणि बाहेर कोळीवाड्याकडून बोंबलांचा वास.
कोणी मला रागावलं नाही. ते जास्त लागलं.
अडीच वाजता शेपटी उचलून हलवली,
पत्र्याला कान लावला,
आत काहीतरी घरंगळलं.

बाहेर आलं ते दोन बोटांचं पेन्सिलीचं थोटुक.
लाल-काळं. टोकावर दातांच्या खुणा.

मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
या सहा वर्षांत किती लूप, कोणी हिशेब केला नाही.
कॅप्टननी थोटुक तळहातावर धरलं, बराच वेळ,
मग डब्यात टाकलं.
वसईला फोन करायचं ठरलं होतं.
कोणी केला नाही.

फिरकी रविवारी मिळाली,
दांडीच्या बुडाशी चामड्याच्या झालरीत,
राईच्या दाण्याएवढी.
तोवर विमान उघड्या पोटाने उभं होतं
आणि मी रोज त्याच्या समोर डबा खात होते.

हल्ली कानांत कडुनिंबाच्या काड्या घालते, भोकं बुजू नयेत म्हणून.
दाराशी त्याही काढून ठेवते.
नवा पोरगा डब्यात डोकावतो,
मॅडम, ही पेन्सिल कोणाची?
मी म्हणते, धरून मोज.