तो वेळ, ती वेळ

उद्यमनगरात माळ्यावर माझं टेबल,
खाली जिनगोंडाकाकांच्या दोन लेथ मशिनी,
जळक्या तेलाचा वास थेट कीबोर्डपर्यंत.
त्यांच्याच मशिनीवरच्या छोट्या बोर्डासाठी
मी शेड्युलर लिहितो.
हो, लिहितो. कोल्हापूरची पोरगी आहे मी.
पुण्याच्या मीटिंगमध्ये कुणीतरी हसून सांगतंच :
लिहिते म्हण.

तीन रात्री कूलंटचा पंप अडून होता.
रांगेत उभा, तयार,
आणि प्रोसेसर त्याच्याकडं बघेना.
बाकीची कामं मिलीसेकंद गिळत होती,
हा पंगतीत बसलेला पाहुणा,
पानात मीठसुद्धा नाही.

ओळ चारशे बारा. तिथं नुसता 'टी'.
मीच लिहिलेला, कधीतरी घाईत.
खाली 'टी-टू'. त्याच्याही खाली,
सांगायला लाज वाटते, 'टीटी'.

काका जॉबवर खडूनं लिहितात :
'मगदूम, थोरला, दुपारी चारला, बोअर राहिलाय.'
नुसतं 'मगदूम' लिहून भागत नाही,
गावात मगदूम ढिगानं.

चहाला खाली उतरलो. म्हटलं, काका, वेळ झा—
पुढचं अक्षर मशिनीनं खाल्लं.
काका ओरडले :
"वेळ झाला म्हणतीयास, का वेळ झाली?"

बशी हातात तशीच.

तो वेळ साचतो,
ठिबकणाऱ्या नळाखालच्या डब्यासारखा मोजता येतो.
ती वेळ येते, भोंगा वाजतो, गेली.
मी दोघांना एका अक्षरात कोंबलं होतं
आणि एकातून दुसरं वजा करत बसलो होतो,
सांगलीच्या अंतरातून मंगळवार.

वर येऊन नावं बदलली.
'थांबलेला_वेळ'. 'रांगेत_आल्याची_वेळ'.
लांब आहेत. असू देत.
'पाळी'ही सुचलं होतं; पण कानाला पाळी,
कारखान्याला पाळी, महिन्याला पाळी,
आधीच फार राबतोय तो शब्द. सोडला.

नावं नीट झाली तशी वजाबाकी
स्वतःच लाजून बाजूला झाली.
पहाटे खालून पांढऱ्या पाण्याचा आवाज आला.

ओळ सहाशे तीसला अजून एक 'टेंप-टू' आहे.
कशाचा, आठवत नाही. आज हात लावणार नाही.

बदलाच्या नोंदीत लिहिलं :
चूक कुणाची नाही, मीच केलो होतो.
पुण्याला वाचू दे.