मीठ कमी

थेसालोनिकीच्या धक्क्यावर, वाऱ्याला पाठ देऊन,
ती एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांभोवती शाल खोचत होती.
आधी मी हात ओळखले.
चेहरा नंतर. नाव तर आजही माहीत नाही.

कुटाइसीत, बाजारापुढच्या पुलाअलीकडे,
औषधांच्या दुकानाची ती एवढीशी खिडकी.
काचेला तडा, तड्यावर चिकटपट्टी,
आणि तिच्याखाली हे हात:
गोळ्यांची पट्टी दुमडून, नखाने रेघ ओढून
मोजून तीस तोडणारे,
सुटे पैसे एका बोटाने माझ्याकडे सरकवणारे.
नऊ वर्षं. "पुढचा," एवढंच बोलणं.
मग एका दोन तारखेला तिथे दुसरेच हात होते,
अंगठीवाले, घाईचे,
आणि माझ्या मागे रांग होती.

"मला वाटलं, तुम्ही गेलात," मी म्हणालो,
आणि जीभ चावली.
"गेलेच की," ती हसली. "चार वर्षं झाली.
पगार बरा आहे. हे थानासिस. रात्री झोपत नाहीत."
मी सांगितलं, मावसबहिणीकडे आलोय, पाच दिवस.
तिने ते ऐकलंच नाही.
डोळे बारीक करून, चिठ्ठी वाचावी तशी म्हणाली,
"पाच मिलिग्रॅम, सकाळी. पायांत पाणी साठायचं,
त्याची अर्धी. दुपारनंतर नाही."
माझी आई तिला तोंडपाठ होती.

"कशा आहेत?"

समोरून एक बोट उगाच भोंगा वाजवत गेली.
"आहे," मी म्हणालो.
का म्हणालो, ठाऊक नाही.
दफनाला दीड वर्ष झालं होतं,
उरलेल्या सतरा गोळ्या अजून फ्रिजवर होत्या.

"मीठ कमी करा म्हणावं.
नऊ वर्षांत गोळी कधी उतरली नाही,
म्हणजे ऐकत नसणार."
"सांगतो."

पिशवीतून तिने तिळाचं कडं काढलं, तिघांत तोडलं.
तोडण्याआधी नखाने रेघ ओढली.
म्हाताऱ्याने माझ्याकडे हनुवटी करून काही विचारलं.
तिने ग्रीकमध्ये एकच शब्द सांगितला,
आणि तो मान हलवत चावू लागला.

मी विचारलं नाही, काय म्हणालात.
'गिऱ्हाईक' असेल.
पण निघताना थानासिसने माझा हात धरला, खारट, गार,
आणि बराच वेळ सोडला नाही.