शेरा

बेलापूरच्या नियंत्रण कक्षात
रात्री दोन सतराला फोन आला.
मागे पाण्याचा आवाज,
पुढे एका बाईचा, धापा टाकत.
दोनच शब्द कळले मला:
आधी ‘गोड’,
आणि मग तो, जो आमच्या नाक्यावर
मुली मान खाली घालून ऐकतात.

मी फोन ठेवला.
नोंदवहीत, ‘शेरा’च्या रकान्यात लिहिलं:
अश्लील संभाषण. कॉल बंद.
असे येतात. झडीच्या रात्री जास्तच.
बाईसुद्धा? असं वाटलं खरं,
पण घणसोलीचा फोन वाजत होता, तुर्भ्याचा वाजत होता.

दोन चोवीसला पुन्हा तीच.
पुन्हा गोड. पुन्हा तो.
म्हटलं, बाई असून लाज वाटत नाही?
ती रडायला लागली.
रडणं तेवढं मराठीत ऐकू आलं.

दोन अठ्ठावीसला वडनाल चहा घेऊन आला,
बंबावरचा ड्रायव्हर, मूळचा सोलापूरचा,
उंबऱ्याच्या आत तेलुगू, बाहेर मराठी.
स्पीकर चालू होता.
चहा त्याच्या बोटांवर सांडला.
“मॅडम, गोड म्हणजे भिंत.
भिंत पडली म्हणतेय.”
आणि ते दुसरं?
तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
“ते म्हणजे, या.
ये नव्हे. या.
मान देऊन बोलावतेय ती तुम्हाला.”

दिघ्याच्या उतारावर, खदानीच्या मागे
पालमूरच्या बिगाऱ्यांच्या सहा खोल्या.
पाच रिकाम्या होत्या, माणसं वर खडकावर,
लेकरं ताडपत्रीखाली.
सहावीत पोशम्मा. हातात फोन,
डावा पाय भिंतीखाली.
थोडं आधी आला असतात तर,
असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत.
हिशेब मीच केला.
दोन सतरा ते दोन अठ्ठावीस.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.
तो शेरा अजून तिथंच आहे,
माझ्या वळणदार अक्षरात, सहीसकट.

वाशीच्या रुग्णालयात गेले,
मोसंबी घेऊन, कारण बोलायला काही नव्हतं.
मी सोलत राहिले. ती खात राहिली.
चादर गुडघ्यापर्यंत उंच,
पुढे सपाट.

निघाले तेव्हा उशीवरून म्हणाली,
“मळ्ळी रंडि.”

पलीकडचा वॉर्डबॉय फिदकन हसला.

मी दारात थांबले.
येईन, म्हटलं.