डावा हात

अजमानच्या मैदानात, पहाटे पाचला,
उस्ताद गुलजमीन शंकू मांडतो.
सवयीनं डावा हात आवळला मी,
गाडी थांबेचना!
"वो ब्रेक नहीं, क्लच है, रत्नागिरी."
शंकू आडवा. मीही.

चौदा वर्षं स्कूटर. गिअर नाही, कटकट नाही.
पुढच्या फळीवर कधी सिलिंडर, कधी नारळ,
कधी जुवेरिया, आरसा धरून उभी,
वळणावर माझ्याआधी हॉर्न दाबणारी.

इथे गुडघ्यांमध्ये टाकी.
ऊन चढलं की तापते.

तिसऱ्या खेपेला पास झालो.
आता मागे बिर्याणीचा डबा,
सव्विसाव्या मजल्यावरची कुणाची भूक,
आणि कॉर्निशवर भट्टीचा वारा.

सिग्नलला मात्र अजून
पाय टेकण्याआधी
गुडघे सैल सोडतो,
तिला उतरायला.