अंश, छेद

दर तीन महिन्यांनी तक्ता येतो बेंगळुरूहून.
वर कन्नड, खाली इंग्रजी,
आणि भरते मी, मनात मराठीत बेरीज करत,
हातचा एक, हातचे दोन.

टिळकवाडीत दुसऱ्या गेटाजवळ आमचा दवाखाना.
बाहेरच्या बोर्डावर गुबगुबीत बाळ,
बाळाच्या पायाशी आकडा : शंभरात बासष्ट.
कशाचे बासष्ट, ते बोर्ड सांगत नाही.
पट्टीवर दुसरी रेघ उमटली की नवरा धावत जाऊन कुंदा आणतो,
डॉक्टर मुरगोड चमचाभर खातात, डबा माझ्याकडं सरकवतात.
ते बासष्ट कुंद्याचे.

तक्ता कुंदा मोजत नाही.
तो विचारतो, सुया किती जणींनी घेतल्या,
बीजं किती जणींची काढली, गर्भ किती ठेवले,
आणि सगळ्यात शेवटी, रकाना अकरा :
जीवंत जनन.
एवढाच शब्द दोन्हीकडं जवळजवळ एक,
फक्त त्यांची वेलांटी लांब.

अनगोळच्या शाळेत गुरुजी सांगायचे, अंश वर, छेद खाली,
छेद लपवला की अपूर्णांक खोटा बोलतो.
निपाणीची ती, तंबाखूच्या वखारीतली,
दुसऱ्या सुईनंतर आलीच नाही. छेदात.
खानापूरची, जिचा नवरा मोटारीतच बसून राहायचा,
तीही छेदात.
डॉक्टर म्हणतात, ‘अर्ध्यात सोडलेल्या कशाला धरायच्या, अक्का?’
‘सर, पैसे घेताना धरल्याच की.’
ते चष्मा पुसतात. धरू देतात.

रकाना अकरासाठी फोन लावावे लागतात.
बाळंतपणं माहेरी, शिनोळीच्या पलीकडं.
गर्भ कर्नाटकातला, दाखला महाराष्ट्राचा,
आणि हा वाद कुठल्या कोर्टात नाही,
माझ्या टेबलावर आहे.

सोमवारी तुर्केवाडीला लावला. रेशमा गावडे, वय चौतीस, खेप तिसरी.
‘दवाखान्यातनं बोलतेय. तक्ता भरायचा होता…’
‘थांबा हं, गॅस बंद करतो.’
मग बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
मग : ‘आल्ती. सातव्या महिन्यात. गडहिंग्लजला.
सदतीस मिनिटं होती.’

मी सूचनांचं पान उलटलं, कारण काहीतरी उलटायला हवं होतं.
एक श्वास, एक ठोका, नाळेची एक थरथर,
तेवढं पुरे, असं छापलंय तिथं.
म्हणजे यश.
म्हणजे आमचा आकडा वर.
‘मग…’ मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला
बोर्डावरच्या बाळासारखा वाटला, रंगवलेला,
‘मग लिहू का?’

‘लिवा की.
हिकडं घरात कोण विषय काढत न्हाई.
दाखल्यावर नाव घालूया म्हटलं, तर हे म्हणाले, कशाला आता.
तुमच्या कागदावर तरी ऱ्हाऊ दे.
नाव इचारत्यात काय त्यात?’
‘नाही हो. नुसता आकडा.’
‘बरं,’ ती म्हणाली.
‘मग आकडा तरी नीट काढा.’

संध्याकाळी डॉक्टरांनी सही केली.
शेकडा एकतीस. ‘वाईट नाही,’ म्हणाले.
बोर्डावर बासष्टच आहेत, रात्री त्यांच्यावर दिवा लागतो.

पाठवायच्या तक्त्यात इंग्रजी एक,
काठीसारखा, कुणाचाही असू शकेल असा.
पण कच्च्या वहीत मी तो आधी मराठीत काढला होता,
सावकाश,
डोकं गोल, पाय खाली सोडलेला,
आणि शाई वाळेपर्यंत
वही मिटली नाही.