टेबलावरचे झेंडे

धुळ्यात पाचकंदिलाच्या मागे,
सायकलच्या दुकानाला लागून माझं मशीन.
उद्योग केंद्रातले बोरसे येतात,
स्कूटर चालूच ठेवून ओरडतात,
"झुलालभाऊ, उद्या शिष्टमंडळ! सहा बाय नऊ, दोन नग!"
देशाचं नाव चिठ्ठीवर,
रंग मी पोरीच्या नकाशाच्या पुस्तकात बघतो.

कुठल्या खंडात किती भांडवल गेलं,
ते आकडे बोरसेंच्या फायलीत.
मी आपला ताग्यावरून सांगतो.

पहिल्यांदा जपान.
वाटीच्या काठाने आखलेलं लाल वर्तुळ.
शिवायला दहा मिनिटं, त्यांना यायला सात वर्षं.
आले, अवधानची जमीन बघितली,
पाण्याचं विचारलं,
वांग्याचं भरीत खाऊन घाम पुसत
नाशिककडे परतले.

मग जर्मनी. त्या हंगामात काळं सॅटीन इतकं लागलं
की छत्रीवाला इसाक विचारायला आला, कोण वारलं?

डेन्मार्क, लालवर पांढरी फुली.
ते मात्र टिकले म्हणतात.
साक्रीकडच्या पठारावर तीन हातांचे खांब फिरतात.
वारा आपला, खांब कोणाचा, वीज कोणाची,
हे बोरसेंनी मला दोनदा समजावलंय.

नेदरलँड मागवून आलेच नाहीत.
काठी बदलून उभे लावले, फ्रान्स झाला.

एकदा चिठ्ठीवर मॉरिशस.
पुस्तकात टाचणीच्या डोक्याएवढं,
झेंड्याला मात्र चार पट्टे, चार रिळं.
सुपडू काजं करता करता म्हणाला,
"इतलासा गाव, अन् इतला पैसा?"
बोरसे हसले. "पैसा तिथला नसतो रे,
तिथे जाऊन फक्त कपडे बदलतो."
हे मला लगेच कळलं.
समोरच्या दुकानातल्या ट्रायल रूमचा पडदा
मीच शिवलाय.

चीनचे चाळीस तयार होते.
मग वरून काही नियम आला,
बोरसे म्हणाले, राहू द्या.
लाल कापड वाया जात नाही आपल्याकडे.
एकवीरेच्या यात्रेत ओटीच्या पिशव्या विकल्या,
चांदण्या आतल्या बाजूला, पाच-पाच.

मागच्या वर्षी तर पाहुणे
विमानतळावरूनच वळले. कुठे? व्हिएतनामला.
माझ्या वाटची रात्र
तिकडचा कुणीतरी शिंपी जागला असेल.

पोरीचं पुस्तक आता बघण्यासारखं झालंय.
युरोपच्या पानाला मशीनचं तेल,
जपानवर चहाचा गोल डाग,
सिंगापूर तर बोटाने पुसलंच गेलं.
आफ्रिकेचं पान तेवढं करकरीत.
हिरवा, पिवळा, काळा एका जागी
एकाही चिठ्ठीने मागितला नाही.

परवा किसनलाल छाजेड आले, डाळमिलवाले.
पायी आले, स्टुलावर बसले.
"मोझांबिक. दोन नग.
मी जातोय तिकडे, तुरीची मिल टाकायला."
पान उघडलं तर कडकन आवाज झाला.
त्या झेंड्यात एक पुस्तक आहे,
पुस्तकावर कुदळ, कुदळीला आडवी बंदूक.
सुपडूने सुई खाली ठेवली.
मी म्हटलं, शेठ, डाळ भरडायला बंदूक?
ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले.
"तुम्ही शिवा. बंदूक जरा लहान घ्या."

मी कुदळ मोठी घेतली.
पुस्तकाच्या पानाला पांढरा दोरा दुहेरी.
तीन रात्री गेल्या. शिलाई मागितली
जपानच्या दरानेच, उगाच.

आता मशीनला तेल घालताना वाटतं,
तिकडे बंदराच्या गावात
कुणीतरी चिठ्ठी घेऊन एका टपरीपुढे उभा असेल,
शेठच्या टेबलावर दुसरा झेंडाही लागेलच ना.
आणि तो माझ्यासारखाच कुणी
आमचं करकरीत पान उघडून
निळ्या दोऱ्याने आरे मोजत असेल,
बावीस, तेवीस,
पुन्हा पहिल्यापासून.

त्याला कुणी सांगा,
एवढ्याशा कापडावर चोवीस
माझ्याच्यानेही कधी बसले नाहीत.